उसना दृष्टान्त

आपल्या मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गासाठी बाहेरून तयार चित्रसंच मागवावा, असा ठराव गेल्या वार्षिक सभेत जवळजवळ एकमताने संमत झाला. ‘जवळजवळ’ हा शब्द माझ्या एकट्याच्या हातामुळे आला. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा वेळ संपत आली होती, बाहेर चहा निवत होता आणि अध्यक्षांची नजर घड्याळावर होती. तेव्हा तेथे जे बोलता आले नाही ते येथे लिहितो. ज्यांनी ठराव मांडला ते माझे स्नेही आहेत आणि त्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती संचाविषयी.

ठरावामागचे तत्त्व असे सांगण्यात आले की, मुलांना प्रत्यक्ष जीवनातली उदाहरणे देऊन शिकविले म्हणजे शिकविलेले विसरत नाही. हे तत्त्व मला मान्य आहे. इतके मान्य आहे की चौतीस वर्षे इंदूरच्या शाळांतून भूगोल शिकविताना मी त्याच्याच आधारावर उभा होतो. पण ‘प्रत्यक्ष जीवन’ म्हणजे कोणाचे जीवन, हा प्रश्न सभेत कोणी विचारला नाही. संच मी उघडून पाहिला. गती शिकवायची तर मुंबईची लोकल, पाणी शिकवायचे तर भरती-ओहोटी, पाऊस शिकवायचा तर माडांवरून कोसळणारा कोकणातला पाऊस. चित्रे सुरेख आहेत. दादरच्या किंवा रत्नागिरीच्या मुलासाठी ती निःसंशय प्रत्यक्ष जीवनातली आहेत. रामबागेतल्या किंवा सुदामानगरातल्या ज्या मुलाने समुद्र केवळ पडद्यावर पाहिला आहे, त्याच्यासाठी मात्र भरती-ओहोटी हे उदाहरण नव्हे, तो आणखी एक पाठ करण्याचा धडा आहे. कठीण गोष्ट सोपी करण्यासाठी आपण त्याला दुसरी कठीण गोष्ट देत आहोत.

आधी माझाच प्रमाद सांगतो. ‘दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर असतो’ हे वाक्य मी वर्षानुवर्षे वर्गात उच्चारले. पुस्तकात होते, फळ्यावर आकृतीही काढीत असे. एका मार्च महिन्यात मधल्या सुट्टीनंतर एक मुलगा माझ्याकडे आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “सर, बारा वाजले तेव्हा मी मैदानात उभा होतो. सावली पायाखाली नव्हती. पुढे पडली होती, आणि चांगली लांब होती.” मी त्याला काय उत्तर दिले ते आठवत नाही, आणि आठवत नाही ते बरेच आहे. पण दुसऱ्या दिवशी एक मीटर लांबीची काठी घेऊन मी स्वतः मैदानात गेलो. साडेबाराच्या सुमारास, जेव्हा सावली सर्वांत आखूड झाली, तेव्हा ती ४२ सेंटिमीटर भरली.

इंदूर २२.७ अक्षांशावर आहे. सूर्य येथे खरोखर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस, एकदा जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटाला आणि एकदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात. त्यांतला जुलैचा दिवस बहुधा ढगांतच जातो. आणि येतो तोही बाराला नव्हे. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचे आहे, आपण पंचाहत्तरच्या थोडे पुढे आहोत. अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपला मध्यान्ह सव्वीस-सत्तावीस मिनिटे उशिरा, ऋतुमानाप्रमाणे थोडाफार मागेपुढे. ग्वाल्हेरच्या आप्तांची स्थिती तर याहून गमतीची. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने तेथे सूर्य डोक्यावर कधीच येत नाही. २१ जूनलाही मीटरभर काठीची पाचएक सेंटिमीटर सावली उरतेच, आणि २१ डिसेंबरला तर मध्यान्हीची सावली काठीहूनही लांब, सुमारे ११८ सेंटिमीटर पडते. पिढ्यान्‌पिढ्या तेथील मराठी घरांतली मुले ‘बारा वाजता सूर्य डोक्यावर’ हे लिहून पूर्ण गुण मिळवीत आली आहेत. त्यांच्या डोळ्यांनी रोज पाहिलेले खोटे आणि पुस्तकातले खरे, असा धडा त्यांनी त्याबरोबर नकळत घेतलाच असेल.

त्या मुलाला अक्षांश म्हणजे काय हे मग मला शिकवावे लागले नाही. त्याला ते हवे होते. आजही भेटला तर तो ‘बेचाळीस’ म्हणून नमस्कार करतो.

उदाहरण कशाला म्हणावे, याचा विचार आपल्या परंपरेने फार बारकाईने केलेला आहे. न्यायशास्त्रातले पाच अवयव जुन्या वाचकांना ठाऊक असतील: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. तसाच हा डोंगर. म्हणून तेथे अग्नी आहे. या मांडणीत उदाहरणाला स्वयंपाकघर घेतले आहे, एखादा दूरदेशीचा ज्वालामुखी घेतलेला नाही, हे लक्षात घ्यावे. गौतमाची दृष्टान्ताची व्याख्याच अशी आहे की ज्या गोष्टीविषयी सामान्य माणूस आणि परीक्षक या दोघांचीही बुद्धी सारखीच चालते, तो दृष्टान्त. ऐकणाऱ्याला ती आधीपासून ठाऊक असली पाहिजे, ही पहिलीच अट. या व्याख्येवर घासून पाहिले तर आपल्या संचातली निम्मी चित्रे दृष्टान्त ठरत नाहीत. ती आपल्या मुलांच्या दृष्टीने सिद्ध करावयाच्या गोष्टी आहेत.

मराठी गद्याच्या आरंभकाळातला एक महत्त्वाचा ग्रंथ तर दृष्टान्तांचाच आहे. चक्रधरांनी सांगितलेले दृष्टान्त केसोबासांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘दृष्टान्तपाठा’त एकत्र केले. तेथे प्रत्येकाची तीन अंगे आहेत: आधी सूत्र, मग दृष्टान्त, आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टान्तातली कोणती गोष्ट मूळ विषयात कोठे लागू पडते त्याची उकल. जात्यंध आणि हत्तीची कथा त्यातही आहे. कथा सांगून ग्रंथकार थांबत नाही. (जाता जाता: परंपरेनुसार हे चक्रधर मूळचे भडोचचे. महाराष्ट्राबाहेरून येऊन मराठीचे झालेले. आपण उलट दिशेने निघालेली माणसे आहोत, तेव्हा या ग्रंथाशी आपले नाते थोडे अधिकच आहे असे मला वाटते.)

आजच्या गोष्टीरूप शिक्षणात हरवले आहे ते हे दार्ष्टान्तिक. गोष्ट सांगितली जाते, मुले खुलतात, शिक्षक खूश होतात, पालक तर फारच खूश होतात. महिन्याने विचारावे तर गोष्ट जशीच्या तशी आठवते आणि ती कशासाठी सांगितली होती ते पुसून गेलेले असते. न्यूटनच्या डोक्यावर सफरचंद पडले, हे न आठवणारे मूल मला भेटलेले नाही. त्या सफरचंदाचा चंद्राशी काय संबंध, हे सांगणारे मूल शंभरात एखादे. वास्तविक न्यूटनने म्हातारपणी स्टुकली या मित्राला बागेत सांगितली ती आठवण झाडावरून खाली पडणाऱ्या सफरचंदाची होती. डोक्यावर पडण्याची भर मागाहूनची आहे, आणि नेमकी तीच मुलांना आठवते. हळूहळू तापणाऱ्या पाण्यात बेडूक बसून राहतो आणि उकडून मरतो, ही तर आजकाल प्रत्येक व्याख्यात्याच्या तोंडी असलेली गोष्ट. बेडूक तसा बसून राहत नाही, पाणी सोसवेनासे होताच तो उडी मारून निघून जातो. पण पातेले चुलीवर ठेवून पाहणार कोण? जे पडताळता येत नाही असेच उदाहरण निवडायचे, आणि ते चटकदार असल्यामुळे चिरकाल टिकायचे! चुकीची गोष्टही रंगवून सांगितली तर खऱ्याइतकीच पक्की बसते. तेव्हा लक्षात राहणे ही काही उदाहरणाची पुरेशी कसोटी नव्हे.

सभेत दुसरा पक्ष ज्येष्ठांचा होता. त्यांना संचही नको आणि उदाहरणेही नकोत. “आम्ही पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकली, सत्तर वर्षे झाली, अजून येते की नाही पाहा,” असे म्हणून एका आदरणीय सभासदांनी भर सभेत औट सात साडेचोवीस म्हणून दाखविले. टाळ्या पडल्या. मीही वाजविल्या. पण त्यांच्या या दाखल्यातून निघणारा निष्कर्ष त्यांनी काढला तो नव्हे. ते ज्या वयात औटकी शिकले त्या वयात त्यांना दुकानात धाडले जात असे. साडेतीन आणे गज दराचे सात गज कापड घेतले तर साडेचोवीस आणे, म्हणजे एक रुपया साडेआठ आणे, हा हिशेब दुकानदाराच्या आधी तोंडी करावा लागे. चुकला तर घरी विचारणा होई. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण असलेल्या जगात पाव, अर्धा, पाऊण हे पावलोपावली भेटत. सकाळी घोकलेले संध्याकाळी बाजारात खरे होत होते.

मग १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ चार-पाच वर्षांत किलोग्रॅम आणि मीटर आले. शाळांतून पावकी-औटकी त्यानंतरही काही काळ घोकली गेलीच. तेच गुरुजी होते आणि तीच छडी. पण त्या पिढीला आज औटकी येते काय? मी त्याच पिढीचा आहे. मला येत नाही. घोकंपट्टीनेच टिकत असते तर आम्हालाही टिकली असती. पाठांतराला माझा विरोध नाही, पाढे पाठ असलेच पाहिजेत. पण ज्येष्ठांची औटकी आजवर टिकली त्याचे बरेचसे श्रेय बाजारपेठेकडे जाते, आणि सगळे छडीला देऊन आपण मुलांना नुसती छडीच तेवढी वारसा म्हणून द्यायला निघालो आहोत.

आता कोणी विचारील, मग आपली उदाहरणे कोठून आणावयाची? इंदूरमध्ये समुद्र नाही, हे खरे. पण समुद्राला जाणारे पाणी आहे. आपल्या गच्चीवर पडलेला पाऊस कान्ह नदीला मिळतो, ती क्षिप्रेला, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. म्हणजे राजवाड्यावर पडलेला थेंब बंगालच्या उपसागरात जातो. तोच थेंब तीस-पस्तीस किलोमीटर दक्षिणेला, महूच्या पुढे, पाताळपाणीच्या धबधब्यावर पडला तर चोरल नदीतून नर्मदेत आणि नर्मदेतून अरबी समुद्रात. दोन थेंबांच्या मुक्कामांत सारा भारत आडवा पडलेला, आणि फाटा फुटतो तो आपण पावसाळ्यात भजी खायला जातो त्या रस्त्यावर कोठेतरी! जलविभाजक हा शब्द मुलांना याहून चांगला कोणत्या चित्राने कळेल? पुढच्या सहलीत गाडी थांबवून ‘येथून पाणी फुटते’ असे एकदा दाखवावे, आणि मग नकाशा उघडावा. नकाशा उघडणे वगळू नये, कारण दार्ष्टान्तिक तेथेच आहे.

आणि भाषेचे काय? शेवटी वर्ग मराठीचा आहे. संचात शब्दार्थाची स्वतंत्र पत्रे आहेत, पण ती ज्या मुलाच्या कानावर दिवसभर मराठीच पडते त्याच्यासाठी केलेली. आपल्या मुलाची अडचण वेगळी आहे. शब्द त्याला ठाऊक असतो, पण हिंदीतून ठाऊक असतो. त्यावर उपाय आपल्या रस्त्यांवर रंगवून ठेवलेला आहे. ‘शिक्षा विभाग’ ही पाटी मराठीत वाचून पाहा म्हणावे. वर्गात असा हशा पिकतो की विचारू नये. आणि शिक्षा व शिक्षण यांतला भेद त्या दिवसापासून कोणी विसरत नाही. (काही शाळांच्या बाबतीत पाटी मराठीतही बरोबरच आहे, असे एक मूल म्हणाले होते.) ‘यातायात पुलिस’ वाचून यातायात या शब्दाचा मराठी अर्थ सांगावा, आणि संध्याकाळी पलासियाच्या चौकात उभे करावे, दोन्ही अर्थ एकाच जागी सापडतील. आजीने ‘खाली बस’ म्हटले की नातू रिकामी बस कोठे आली ते पाहायला खिडकीकडे धावतो, हा विनोद आपल्यापैकी कितीजणांच्या घरी घडला आहे! चेष्टा, संसार, राग: अशा शब्दांची एक वही मुलांनी स्वतः करावी. पुस्तकाचे लिंग चुकते, दह्याचे चुकते. का चुकते याची चर्चा हिंदीला शेजारी बसवूनच होऊ शकते. पुण्याच्या लेखकाला ही वही सुचणे शक्य नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. दोष आपला, की आपल्या ओट्यावरचे सोडून आपण उसने मागायला निघालो.

यावर सभेत घेतला गेलेला सर्वांत जड आक्षेप असा: मुलांना इंदूरचीच उदाहरणे दिली तर महाराष्ट्राशी असलेला त्यांचा धागा तुटेल, संचामुळे निदान सह्याद्री, कोकण, पंढरपूर यांची चित्रे तरी डोळ्यांपुढे राहतील. हा आक्षेप प्रेमातून आलेला आहे, म्हणून त्याला उत्तर देताना जपून बोलतो. आपल्या वर्गाची हजेरी काढून पाहावी. तिसरी-चौथीची मुले उत्साहाने येतात, आठवीनंतर जवळजवळ कोणी येत नाही. परीक्षा, शिकवण्या ही कारणे खरी आहेतच. पण माझ्या अनुभवात त्यामागे आणखी एक गोष्ट आहे. मोठे होणाऱ्या मुलाला असे दिसते की मराठीत जे जे सांगितले जाते ते सर्व दुसरीकडचे असते: आजोळचे, सणाचे, नाटकातले. त्याची शाळा, त्याचा बाजार, त्याची नदी, त्याची दुपार यांविषयी बोलायची वेळ आली की भाषा बदलते. ज्या भाषेत स्वतःच्या सावलीविषयी बोलता येत नाही ती भाषा तो आजीसाठी राखून ठेवतो. आणि आजी गेली की…. हे वाक्य पुरे करण्याची गरज नाही. आपल्या घरांत ते पुरे झालेले मी पाहिले आहे.

कोकणची चित्रे दाखवावीत, जरूर दाखवावीत. पण आधी पाताळपाणी, मग कोकण. आपल्या घाटावरून खाली कोसळणारे पाणी पाहिलेल्या मुलाला सह्याद्रीवरून कोसळणारे पाणी आपोआप ओळखीचे वाटेल. उलट क्रमाने गेल्यास दोन्ही परकी राहतात.

ठराव संमत झाला आहे, संच येईल, त्याचे पैसेही बहुधा धाडले गेले असतील. माझी मागणी एवढीच आहे की वर्षातला एक रविवार संचाबाहेर द्यावा, आणि त्यासाठी आपल्या या वार्तापत्राच्या वाचकांचे साहाय्य घ्यावे. ते साहाय्य असे. इरॅटोस्थेनिसने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात दोन गावांतल्या सावल्यांवरून पृथ्वीचा घेर काढला, हे आपली मुले शाळेत वाचतात. सायीनी आणि अलेक्झांड्रिया ही नावे परीक्षेपुरती पाठ करतात आणि सोडून देतात. दोन गावे एकाच रेखांशावर असावीत एवढीच त्या युक्तीची गरज आहे. आता नकाशा पाहावा: ग्वाल्हेर सव्वाअठ्ठ्याहत्तर रेखांशाच्या किंचित अलीकडे आहे आणि हैदराबाद साडेअठ्ठ्याहत्तरच्या लगत. या दोन्ही गावांत शतकानुशतके मराठी घरे आहेत आणि दोन्हीकडे हे वार्तापत्र जाते. इरॅटोस्थेनिसला असे आप्त नव्हते.

२० मार्चच्या आसपास दिवस-रात्र समान असतात. त्या वेळी मध्यान्हीची सावली ग्वाल्हेरला ४९ सेंटिमीटरच्या जवळ आणि हैदराबादला ३१च्या जवळ यावी. पण हे आकडे मुलांना आधी सांगू नयेत. (तसे पाहता दोन गावांच्या कोनांतला फरक वर्षभर तोच राहतो. मार्च एवढ्यासाठी की आकाश स्वच्छ असते, आणि त्या दिवशीचा कोन म्हणजेच त्या गावाचे अक्षांश.) कागदावर काठी आणि सावली प्रमाणात काढून कोनमापकाने कोन मोजावा. दोहोंतला फरक पावणेनऊ अंशांच्या आसपास निघेल. दोन शहरांतले सरळ अंतर नकाशावर पट्टीने मोजावे, ते सुमारे ९८० किलोमीटर भरेल; रेल्वेचे किंवा रस्त्याचे अंतर घेऊ नये, वाटा वाकड्या असतात. मग त्रैराशिक. सावली अर्धा सेंटिमीटर चुकली तरी घेर हजारभर किलोमीटरने चुकतो, तेव्हा पहिल्या वर्षी उत्तर चुकेलच. का चुकले याचे भांडण ग्वाल्हेर, हैदराबाद आणि इंदूर यांच्यामध्ये फोनवरून मराठीत व्हावे, अशी माझी फार इच्छा आहे.

इंदूरच्या मुलांना त्याआधी एकदा उज्जैनच्या वेधशाळेत न्यावे. जयसिंहाने बांधलेली, माधवराव शिंद्यांनी १९२३ साली दुरुस्त करविलेली ही जागा आपल्यापासून दीड तासावर आहे, आणि तेथे शंकुयंत्र आहे. म्हणजे आपलीच काठी, केवळ दगडी ओट्यावर पक्की बसविलेली. तिचे पहिले अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे होते, हेही मुलांना सांगावे.

काठी बरोबर एक मीटर असावी आणि ओळंब्याने सरळ उभी करावी. जमीन सपाट आहे की नाही हे परातीत पाणी घालून पाहावे. ग्वाल्हेर आणि हैदराबाद येथे सावली बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी सर्वांत आखूड होईल, तरी सव्वाबारापासून पावणेएकपर्यंत दर पाच मिनिटांनी खूण करीत राहावे. बेळगाव, पणजी आणि बडोद्याच्या वाचकांनीही आपापल्या सावल्या मोजाव्यात. काठी धरणाऱ्या मुलाचे नाव, वय आणि सावलीची लांबी संपादकांकडे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पोहोचावी.